पुडीतले कोटी जीव

साखळीच्या बाजारात माझे औषधांचे दुकान आहे, त्याला एकतीस वर्षे झाली. माझी जीभ फटकळ आहे हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. "कमलाक्षीबाय औषध बरोबर देता, पण वर दोन शब्द फुकट देता," असे लोक म्हणतात आणि तरीही येतात. या फटकळपणाने आजवर कुणाचे फारसे बिघडलेले नाही, असा माझा समज होता. गोकुळदासने तो समज मोडला, तोही एक शब्द उलटून न बोलता.

गोकुळदास कारापूरचा, माझ्या घरापासून तिसऱ्या घरातला. वय एकसष्ट. नदीकाठी त्याचा भाजीचा मळा आहे. दर सोमवारी तो तांबडी भाजी आणि मुळे घेऊन बाजारात बसतो, आणि भाजी संपली की माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहतो. पुढे घुसणे त्याला जमत नाही. त्याच्या मागून आलेली चार माणसे औषध घेऊन जातात आणि हा आपला पिशवी धरून उभाच.

त्या सोमवारी त्याच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती. महिन्यापूर्वी मळ्यात कुदळ निसटून पायावर बसली होती आणि जखम चिघळली होती. चौदा दिवस जोरदार अँटिबायोटिक घेतल्यावर पाय सुधारला, पण पोट बिघडले. दिवसातून सहा-सहा वेळा परसाकडे. डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या, त्यात वाईट काही निघाले नाही. मग त्यांनी प्रोबायोटिकच्या पुड्या लिहून दिल्या. सकाळ-संध्याकाळ एक, एकवीस दिवस. सगळ्यांनाच गुण येतो असे नाही, पण पुष्कळांना येतो, असेही त्यांनी सांगितले होते.

गोकुळदासने खोका उलटसुलट करून पाहिला. "बाय, ह्यो थंड जाग्यार ठेव म्हणतत, ता कित्याक?"

माझ्यासमोर पाच हात पुढे आलेले होते. कुणाला खोकल्याचे औषध हवे होते, कुणाला मलम. मी वैतागून म्हटले, "जिवंत आसत ते, म्हणान!"

"कोण जिवंत?"

एवढ्यावर थांबले असते तर बरे झाले असते. पण मला माझे ज्ञान दाखवायची खोड आहे, आणि गर्दी असली की जास्तच. मी सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले की माणसाच्या आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात. ते अन्न पचवायला मदत करतात, काही जीवनसत्त्वे तयार करतात, वाईट जंतूंना पाय रोवू देत नाहीत. आपल्या अंगाची रोगाशी लढण्याची ताकदसुद्धा बरीचशी त्यांच्याकडूनच शिकते. "तुमच्या पायाच्या गोळ्यांनी वाईटाबरोबर ह्या बऱ्यांचापण फडशा पाडलो. आता ह्या पुडीतसून नवे पोटात सोडूचे. एका पुडीत दोनशे कोटी. सगळे जिते!"

मलमवाली म्हातारी "अगे बाय माझे!" म्हणाली. मला फार बरे वाटले.

गोकुळदासने खोका दोन्ही हातांनी धरला होता. "पायाच्या गोळ्यांनी मेले, ते पण जीवच?"

"जीवच. पण तुमच्या पायापेक्षा मोठे नाय."

"आनी हे मरतत काय?"

"गरम पाण्यात घातलात तर मरतत. गरमात घालू नकात."

त्याने मान हलवली आणि खोका पिशवीत भाजीच्या पाल्यावर अलगद ठेवला. किती शहाणा रुग्ण, सगळे नीट विचारून घेतो, असे मी मनात म्हटले. माझ्यासारखी मूर्ख बाई साऱ्या डिचोली तालुक्यात नसेल.

कारण गोकुळदासबद्दल जे सगळ्या गावाला माहीत होते, ते मलाही माहीत होते. तो पक्का शिवराक आहे. शिवराक म्हणजे मासे-मटण न खाणारा. आमच्याकडे सोमवारी, श्रावणात, देवाच्या दिवशी सगळेच शिवराक जेवतात. पण बाराही महिने शिवराक राहणारा भाजीवाला आमच्या वाड्यावर एकच. एखाद्याने ताटातला मासा बाजूला सारला तर आमच्याकडे आधी त्याचा ताप बघतात. आणि गोकुळदास तर तरुणपणी वाळवंटी नदीवर गरी टाकून बसणारा, काळुंद्रे आणि शेवटे हे मासे ओढण्यात पटाईत. पाण्याकडे नुसते बघून खाली काय आहे ते सांगायचा. त्याच्या बायकोचे, लक्ष्मीवैनीचे हुमण, म्हणजे माशांची आमटी, चाखायला आम्ही काहीबाही निमित्ते काढून जायचो.

सव्वीस वर्षांपूर्वी हे बंद झाले. त्यांची एकुलती एक मुलगी सिद्धी तेव्हा आठ महिन्यांची होती. जुलाब-उलट्यांनी पोर सुकून गेली, डोळे खोल गेले. लक्ष्मीवैनी तिला घेऊन पणजीला इस्पितळात गेल्या आणि गोकुळदास गावात सातेरीच्या देवळात जाऊन बसला. त्याने देवीला गाऱ्हाणे घातले. पोर वाचली. गोकुळदासने गरी नदीत फेकून दिली आणि त्या दिवसापासून मासा तोंडात घातला नाही. वैनी स्वतःसाठी आणि मुलीसाठी हुमण करत राहिल्या आणि हा सोप्यावर बसून वरण-भात जेवत राहिला. मुलीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना माशाचे जेवण होते. त्यांना विसवणाचे तुकडे आग्रह करून याने वाढले आणि स्वतः लोणच्याशी जेवला. त्याची थट्टा आम्ही पुष्कळ केली. गाऱ्हाण्यात तो नक्की काय बोलला होता हे मात्र कुणी विचारले नाही. मासे सोडले, एवढे दिसत होते, तेवढ्यावर आम्ही खूश.

पुढच्या सोमवारी तो आला तेव्हा गालफडे आणखी बसलेली होती. मी विचारले, "पुडयो घेतास मां?"

"पुडयो चलतत," तो म्हणाला. मग इकडेतिकडे बघून हळूच, "बाय, तेंका खावंक काय लागता?"

"कोणाक?"

"पुडीतल्यांक."

मला हसू आले. "दूध बरां मानवता तेंका. दुधात बरे वाढतत."

"आनी एक विचारू? मी तेंका खातंय, काय ते माझ्या पोटात रवाक येतत? खाल्लेलां आनी रवाक आयल्लां, एकच काय ता?"

आता हा प्रश्न मला फार्मसीच्या परीक्षेत आला नव्हता. काही जंतू चार दिवस राहून निघून जातात, असे मी वाचले होते. पण पोटात आलेल्याला खाल्ला म्हणायचे की पाहुणा म्हणायचे, हे कुठल्या पुस्तकात असते? मी म्हटले, "गोकुळदासबाब, तुमी पुडी पियात आनी गप रवात." तो हसला आणि गेला. तो प्रश्न मात्र दुकान बंद करेपर्यंत माझ्या डोक्यात भुणभुणत राहिला. त्याला तो का पडला असेल, हे काही त्या डोक्यात आले नाही.

तिसऱ्या सोमवारी गोकुळदास बाजारात आलाच नाही. त्याच्या जागी वैनी बसल्या होत्या. रात्रंदिवस तेच चालू आहे, वजन सात किलोने उतरले, असे त्यांनी सांगितले. मी डॉक्टरबाईंना फोन केला. त्यासुद्धा बुचकळ्यात पडल्या. पुड्यांनी थोडा तरी फरक दिसायला हवा होता, म्हणाल्या. पुन्हा तपासणी झाली, पुन्हा काही निघाले नाही. आता मोठ्या इस्पितळात दाखल करून आतड्याची दुर्बिणीने तपासणी करावी लागेल, असे ठरले. गोकुळदास एकच म्हणत होता, सिद्धीचे बाळंतपण होऊ दे, मग कुठेही न्या. सिद्धीला सातवा महिना होता. तिचे सासर तिकडे पेडण्यात, पार्सेला. पहिलटकरीण म्हणून ती माहेरी आलेली. बाप रोज तिच्या डोळ्यांदेखत वाळत चालला होता.

मी गोंधळून गेले होते आणि गोंधळले की मला राग येतो. पुढच्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी, दुकान बंद करून मी तडक त्यांच्या घरी गेले.

सिद्धी सोप्यावर पाय पसरून दही-भात खात होती. गोकुळदास कोपऱ्यात चादर गुंडाळून बसला होता. वैनींनी माझ्यापुढे दह्याची वाटी ठेवली. "खावन पळय. हल्ली माझां दही कसां लागता! कवडी घट, आनी आंबट म्हणान नाय. विरजण तांच, दूध तांच, माका कळनाच."

"माका ह्याच दह्यान जेवण जाता," सिद्धी म्हणाली. "बाबा तर बोटय लावनत. ताक नको, दही नको. आदी पेल्यान पेले ताक पियेत."

"थंड पडता पोटाक," गोकुळदास पुटपुटला.

मी खोका मागितला. वैनींनी आणून दिला. खोका रिकामा होता आणि मोकळ्या पुड्या आत नीट दुमडून रचून ठेवलेल्या होत्या. कुणीतरी फूल कोमेजले तरी टाकवत नाही म्हणून पोथीत ठेवावे, तशा. माझे डोके फिरले. "पुडयो संपल्यो आनी गुण वाटाण्याएवढो नाय! मगे खोटां कोण? पुडी, डॉक्टर, काय तुमी?"

सिद्धीने ताट खाली ठेवले आणि ती एकदम रडू लागली. "बाबा, माझ्या बाळाक आजो दिसतलो मां? खरां सांगात. तुमी आमच्यापासून कायतरी लिपयतास."

तिला रडताना पाहून तो कोसळलाच. कपाळावर हात मारून म्हणाला, "एक पण पुडी माझ्या पोटात जावंक नाय गो बाय. एक पण नाय."

मग हळूहळू, थांबत थांबत त्याने सांगितले. सातेरीपुढे तो मासे सोडतो असे बोललाच नव्हता. त्या घाबरलेल्या घटकेला त्याला नुसते मासे पुरेसे वाटले नाहीत. "जीव आसा असां कायच मी तोंडात घालूचंय नाय, माझ्या चेडवाक राख," असे त्याचे शब्द होते. आणि मी भर बाजारात त्याला सांगितले होते, एका पुडीत दोनशे कोटी, सगळे जिते. एक मासा खाल्ला असता तर एक जीव. इथे रोजचे चारशे कोटी, आणि तेही नेमके सिद्धीला दिवस गेलेले असताना. देवीने दिलेले परत मागितले तर?

"पायाच्या गोळ्यांनी जे मेले, ते माका आदी खबर नासले," तो म्हणाला. "तेंच्यासाठी मी देवीकडे माफी मागली. पण जाणून-बुजून कसां खावं?"

"मगे पुडयो टाकल्यात खंय?" मी विचारले.

"टाकतलंय कसो? जीव ते!" तो जवळजवळ माझ्यावर ओरडला. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या पुड्या त्याने तुळशीत सोडल्या, मग ऊन लागेल म्हणून जीव खाली-वर झाला. त्यापुढच्या माठात सोडल्या, मग पाण्यात ते खाणार काय, या काळजीने ते पाणी केळीला घातले. पुढच्या सोमवारी मी त्याला सांगितले की त्यांना दूध मानवते. तेव्हापासून रोज वैनी दूध तापवून, निववून विरजण घालत, आणि त्यांची पाठ वळली की हा त्या कोमट दुधात दोन पुड्या सोडत असे. आधी बोट बुडवून बघायचा, फार गरम नाही ना.

वैनींनी दह्याच्या वाटीकडे पाहिले. सिद्धीने आपल्या पोटावर हात ठेवला आणि रडता रडता तिला हसू फुटले. "म्हणजे तुमचां औषध मी खातंय? पंधरा दीस?"

"तुका काय जावचां नाय," मी घाईने म्हटले, "दह्यात तसे पण जंतूच आसतत. दूध विरजतत ते तेच."

हे मी तिला धीर द्यायला बोलले. पण गोकुळदासने मान वर केली. "दह्यात? पुडी घालूच्या आदी पण?"

मला खरे तर तिथेच जीभ चावायला हवी होती. "आदीपासून. विरजण म्हणजे काय तर तेच. ताकात, दह्यात, लोणच्यात. आनी तुमच्या पोटात, तोंडात, कातडीर. तुमी गिळतास त्या थुंकीत पण आसत. माणूस एकटो नसताच केन्ना."

"मी सव्वीस वर्सां रोज ताक पिलंय," तो म्हणाला.

"हय."

"मगे माझां वरत?"

मी काय उत्तर द्यायला हवे होते, हे मला अजून सुचलेले नाही. देवीला भाव कळतो, असे काहीतरी गोड बोलता आले असते. पण सवयीने बोलून गेले, "पयल्याच दिसाक मोडलां."

आजवर मी त्याच्या मासे न खाण्याची थट्टा करत आले. तो नुसता हट्ट नव्हता, मुलीच्या उशाशी सव्वीस वर्षे बसून केलेली ती राखण होती, हे मला त्याचा चेहरा बघून कळले. ती राखण मी तीन शब्दांत काढून घेतली. मला स्वतःची लाज वाटली. तो सिद्धीकडे बघत होता, तिच्या पोटाकडे, तिच्या सुजलेल्या पावलांकडे, जणू ती तिथे कशी बसली आहे हेच त्याला उलगडत नव्हते.

"वरत नासलांच जाल्यार," तो म्हणाला, "हिका राखली कोणी?"

बोलल्या त्या वैनी. दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या आणि आवाज अजिबात चढवला नाही त्यांनी.

"नर्सीन माका सांगलला, पाण्यात मीठ-साखर घालून चमच्यान पाज. एका वेळार एकच चमचो, जास्त दिलास तर ओकतला. दोन मिनटांनी परत एक. सात दीस आनी सात राती मी चमचे पाजीत होतंय. तुमी देवळात होतास."

सव्वीस वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितले नव्हते. मला नाही, सिद्धीलाही नाही. गावात पोर वाचल्याची गोष्ट नेहमी गोकुळदासच्या गाऱ्हाण्याची म्हणूनच सांगितली गेली, आणि ती सांगणाऱ्यांत मीही होते.

पुढचे सांगायचे तर त्याने पुड्या घेतल्या, ताकही पुन्हा सुरू केले, आणि तीन आठवड्यांत पोट ताळ्यावर आले. ते पुड्यांमुळे, ताकामुळे, की एवढ्या दिवसांत आपोआपच, हे मला सांगता येत नाही. डॉक्टरबाईंनाही खात्रीने सांगता आले नाही. पोटातले जीव आमचे की आम्ही त्यांचे, हे गोकुळदास अजून मला विचारतो. मासा त्याने आजही खाल्लेला नाही. का नाही, ते त्यालाही सांगता येत नाही.

पण त्या दुपारी मात्र तो वैनींना म्हणाला, "ताक आण."

वैनी वाटी घेऊन त्याच्यापुढे बसल्या. त्याने वाटीकडे हात पुढे केला. वैनींनी ती आपल्याकडेच ठेवली आणि चमचा बुडवला.

"जिते आसत मां हे?" त्याने मला विचारले.

"हय," मी म्हटले.

त्याने डोळे मिटले आणि तोंड उघडले. एक चमचा गिळला. दुसरा घेण्याआधी त्याने डोळे उघडून बायकोकडे पाहिले.

"त्या सात दिसांत तू निजलंस कधी गो?"

"सव्वीस वर्सांनी विचारतास," वैनी म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरा चमचा पुढे केला.